लाल शाई आणि ठिगळं



आजचा विषय बघून घरातली काही जण हसणार, हे मला माहीत आहे. मराठी माध्यमातून बी.ए., आयुष्यभर लेकरांना व्याकरण शिकवलं, सत्तरी केव्हाच ओलांडली, आणि हे गृहस्थ लिहिताहेत कशावर, तर लिनक्सच्या कर्नलवर! (हा कर्नल लष्करातला नव्हे. आमच्या गल्लीतल्या एका स्नेह्यांना तसं वाटलं होतं, त्यांनी रेजिमेंट विचारली.) पण विषय वाटतो तितका परका नाही. वाय-फायची चिप, लॅपटॉपमधला माइक अशा नव्या यंत्राला लिनक्सच्या गाभ्यात जागा कशी मिळते, कोण देतं आणि कोण अडवतं, एवढाच तो विषय. माझं मत आधीच सांगून टाकतो. ती जागा सहजासहजी मिळत नाही हे चांगलंच आहे. आणि जिथे हा अडसर चुकवून यंत्रं विकली जातात, तिथे त्याचा भुर्दंड शेवटी आमच्या कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावातल्या शाळा भरतात.

ज्यांना हे सगळं ठाऊक आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून दिले तरी चालतील. माझ्या बहिणीसाठी लिहितोय, ती प्रत्येक लेख वाचते आणि फोन करून शंका विचारते.

हिंगोलीच्या मोंढ्यात हळद घेऊन गेलेला शेतकरी थेट व्यापाऱ्याशी सौदा करत नाही, मध्ये अडत्या असतो. माल कुठे उतरवायचा, कोणाचा काटा आधी, कोणाची पाळी नंतर, सगळं तो बघतो. संगणकातही तसंच आहे. वर तुमचे प्रोग्रॅम: पत्र लिहायचा, गाणी ऐकायचा, हिशोबाचा. खाली यंत्रं: डिस्क, पडदा, कळफलक, माइक. मधला अडत्या म्हणजे कर्नल. फक्त एक अडचण अशी की प्रत्येक कंपनीच्या चिपची बोली वेगळी. ती बोली जाणणारा दुभाष्या ठेवावा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. दुभाष्या नसेल तर यंत्र समोर असून नसल्यासारखं.

फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या या छंदाची जाहीर खबर दिली, तेव्हा त्यानं असंही सांगितलं होतं की माझ्याकडे ज्या जातीची हार्ड डिस्क आहे तेवढ्यावरच हे चालतं, दुसऱ्या कशावर बहुधा कधीच चालणार नाही. आज त्या कर्नलमध्ये चार कोटींच्या आसपास ओळी आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त या दुभाष्यांच्या आहेत. त्या कुणी एकानं बसून लिहिल्या नाहीत. जगभरच्या लोकांनी थोड्या थोड्या पाठवल्या. अशा पाठवलेल्या बदलाला ‘पॅच’ म्हणतात, म्हणजे ठिगळ. मला तर आईच्या गोधडीचीच आठवण होते. गोधडीत नवी ठिगळं जुन्या धडुत्यावर बसतात, पण टाका मात्र एकाच हाताचा वाटावा लागतो, नाहीतर चार दिवसांत उसवते.

आता मला यात कुणी ओढलं ते सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात नोकरी करतो. दहावीला माझ्या वर्गात होता, अक्षर वाईट, डोकं चांगलं. दिवाळीला गावी आला की भेटायला येतो. त्यानं नवा लॅपटॉप घेतला, त्यावर लिनक्स घातलं, सगळं झकास चाललं, फक्त आतला माइक मुका. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं की आम्ही फक्त विंडोजचं बघतो. (कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळ्याच सारख्या.) शोधाशोध केल्यावर त्याला कारण सापडलं ते मोठं गमतीदार आहे. एएमडीच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या काही लॅपटॉपांत माइक थेट प्रोसेसरच्या आतल्या ध्वनिविभागाला जोडलेला असतो, पण तो आहे की नाही हे यंत्र नीट सांगत नाही. म्हणून कर्नलमध्ये एक यादीच करून ठेवली आहे: अमुक कंपनीचं अमुक मॉडेल दिसलं तर माइक आहे असं धरून चाला. म्हणजे हजेरीपटच की! याच्या मॉडेलचं नाव पटावर नव्हतं, म्हणून बिचारा माइक वर्गात बसूनही गैरहजर.

पटावर नाव चढवायला लागतात सात ओळी. त्यानं त्या लिहिल्या, आपल्या लॅपटॉपवर नवा कर्नल बांधून बघितला, माइक बोलू लागला. मग त्या सात ओळी त्यानं ईमेलनं पाठवल्या आणि इथून खरी गोष्ट सुरू झाली.

पहिल्यांदा पत्र दारातूनच परत आलं, कारण ते सजवलेल्या स्वरूपात होतं. तिथे साधा मजकूर लागतो, रंगबिरंगी काही चालत नाही. दुसऱ्यांदा त्याच्या ईमेलच्या प्रोग्रॅमनं ओळीच्या सुरुवातीच्या टॅबचे स्पेस करून टाकले, त्यामुळे ठिगळ बसेचना. (कर्नलमध्ये समास टॅबनं सोडायचा आणि टॅब आठ अक्षरांचा, असा लेखी नियम आहे. मला हा नियम वाचून फार बरं वाटलं. दुरेघी वहीचा काळ आठवला.) तिसऱ्यांदा एका परदेशी गृहस्थानं एवढंच लिहिलं की तू काय बदललंस ते ओळी बघून कळतंय, का बदललंस ते लिही. चौथ्यांदा ‘घेतलं, धन्यवाद’ अशा अर्थाचं दोन शब्दांचं उत्तर आलं.

पोरगं फोनवर वैतागलेलं. म्हणे, “सर, सात ओळींसाठी चार वेळा! माझा माइक चालतोय हे दिसत नाही का यांना?”

मी म्हटलं, “अरे, तुझा चालतोय. बाकीच्यांचा बंद पडणार नाही हे त्यांना कोण सांगणार?”

“पण सर, टॅब आणि स्पेसवरून परत पाठवायचं?”

“तुझ्या निबंधात ऱ्हस्व-दीर्घावरून मी किती वेळा पाठवलं होतं?”

तो हसला. पण मला मात्र तेव्हापासून हे प्रकरण डोक्यातून जाईना. दुपारच्या वेळी पडवीत बसून मी त्याच्याकडून एकेक गोष्ट समजून घेतली.

पहिली गोष्ट म्हणजे ही तपासणी उघड्यावर होते. मास्तरानं लाल शाईनं काय लिहिलं ते सगळं गाव वाचू शकतं, आणि मास्तराचं चुकलं तर दुसरा कुणीही उठून सांगू शकतो. आम्ही बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासायचो तेव्हा आधी परीक्षक, वर नियामक, त्याच्यावर मुख्य नियामक अशी उतरंड असायची. कर्नलमध्येही उतरंड आहे. ध्वनीचा विभाग वेगळा, वाय-फायचा वेगळा, डिस्कचा वेगळा आणि प्रत्येकाचा एक मेंटेनर. मी त्याला राखणदार म्हणतो. कोणत्या फाइलीचा राखणदार कोण, याची यादी कर्नलच्या सोबतच दिलेली असते. खालचा राखणदार पसंत करतो, आपल्या गठ्ठ्यात घालतो, गठ्ठा वरच्याकडे जातो, शेवटी टोरवाल्ड्सकडे. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. त्यात पहिले दोन आठवडेच नवा माल आत घेतात, मग दार लावून उरलेले आठवडे फक्त चुका दुरुस्त करतात. एका आवृत्तीत दोन हजारांच्या आसपास माणसांचे दहा हजारांवर बदल असतात. आणि तरीही माझ्या विद्यार्थ्याच्या सात ओळी एका जिवंत माणसानं वाचल्या, ‘का’ विचारलं. आमच्याकडे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे संपवायची घाई कशी असायची ते मी बघितलंय, म्हणून मला याचं अप्रूप.

दुसरी गोष्ट सहीची. प्रत्येक ठिगळाखाली पाठवणाऱ्याचं नाव घालून ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ लिहावी लागते. अर्थ असा की हे मी लिहिलंय किंवा द्यायचा मला हक्क आहे, चोरलेलं नाही. ही रीत २००४ पासून आहे. त्याच्या आदल्या वर्षी एससीओ नावाच्या कंपनीनं आयबीएमवर दावा लावला होता की आमचा माल लिनक्समध्ये घुसवला. तेव्हापासून कोणती ओळ कुणाच्या हातून आली याचा माग ठेवणं सुरू झालं. मधले राखणदारही आपापली सही करतात, म्हणजे सातबाऱ्यावरचे फेरफारच. मला विचाराल तर आमच्याकडच्या जमिनीच्या कागदांपेक्षा हा फेरफार जास्त चोख आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती समजायला मला वेळ लागला. मी विचारलं, की बाबा रे, कंपनीनं आपला ड्रायव्हर स्वतंत्र दिला, आपण सीडीवरून बसवला, तर बिघडलं कुठे? गोधडीत शिवायचा हट्ट कशाला? तर उत्तर असं, की कर्नल आतून सतत बदलत असतो. बाहेरच्या प्रोग्रॅमांशी दिलेला शब्द तो मोडत नाही, पण आतल्या आत, दुभाष्यांशी बोलायची रीत तो हवी तेव्हा बदलतो, आणि ते मुद्दाम ठरवून. जो दुभाष्या गोधडीत शिवलेला आहे, त्याचं काय करायचं ते रीत बदलणाऱ्यावरच असतं. त्यानं सगळ्या ड्रायव्हरांत तो बदल स्वतः करून द्यायचा. जो बाहेर राहिला त्याला कुणी विचारत नाही. वर्षा-दोन वर्षांत तो बंद पडतो. कंपनीनं नवं मॉडेल काढलेलं असतं, जुन्याकडे ढुंकून बघायला तिला वेळ नसतो.

एकत्र कुटुंबासारखंच आहे म्हणा. घरात राहायला आलात तर कटकट फार, नियम फार, मोठ्यांची बोलणी फार. पण म्हातारपणी भाकरी चुकत नाही.

याचं आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण देतो. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट धनगरवाड्याच्या चिमुकल्या मराठी शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. एक शिक्षक, वीस-बावीस लेकरं. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं आदल्याच वर्षी ही योजना नाकारली होती, त्यामुळे सरकारी पातळीवर ती मोठी झाली नाही, आणि ती शिक्षणाला कितपत उपयोगी पडली यावर आजही वाद घालता येईल. मी तो घालत नाही. मला त्या यंत्राच्या पोटात रस आहे. त्यात लिनक्स होतं. त्याचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्‌झचा, स्मृती २५६ मेगाबाइट, आणि वाय-फायची चिप मार्व्हेल कंपनीची. या चिपमुळे वाडीतली लेकरं मध्ये कुठला खांब-मनोरा नसताना एकमेकांच्या लॅपटॉपशी जोडली जायची. त्या चिपचा ‘लिबर्टास’ नावाचा ड्रायव्हर जुलै २००७ मध्ये कर्नलच्या २.६.२२ या आवृत्तीत घेतला गेला. कॅमेऱ्याच्या चिपचा ड्रायव्हर लिहिला जोनाथन कॉर्बेट यांनी, ते कर्नलच्या घडामोडींचं साप्ताहिक चालवणारे संपादक! संपादकानं स्वतः ड्रायव्हर लिहावा, हे मला फार आवडलं. ते लॅपटॉप केव्हाच कालबाह्य झाले, पण दुभाष्याचं घर टिकलं.

अर्थात तिथेही सगळं निर्मळ नव्हतं. चिपच्या आत चालणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो, फर्मवेअर म्हणतात त्याला, तो कंपनीनं बंदच ठेवला. ओपनबीएसडीचे थिओ डी राट यांनी २००६ मध्ये यावरून जाहीर टीका केली होती, की मुलांना मोकळं यंत्र देतो म्हणता आणि आत कुलूप ठेवता. त्यांचं बरोबर होतं असं माझं मत. कर्नलमध्ये दुभाष्या शिवला तरी समोरचा माणूस काय बोलतोय ते त्यालाच कळतं, आपल्याला नाही.

कंपन्यांचा विषय निघालाच आहे तर ती बोटाची गोष्टही सांगायला हवी. २०१२ च्या जूनमध्ये फिनलंडमध्येच एका विद्यापीठात बोलताना टोरवाल्ड्सनं एनव्हिडिया कंपनीला कॅमेऱ्यासमोर मधलं बोट दाखवलं आणि अपशब्दही वापरला. कारण हेच, की चित्रपटलाच्या चिपा विकायच्या आणि माहिती द्यायची नाही. दहा वर्षांनी, मे २०२२ मध्ये, त्या कंपनीनं आपल्या ड्रायव्हरचा कर्नललगतचा भाग खुला केला, पण तो वेगळाच ठेवला, गोधडीत शिवून नाही दिला. बोटामुळे खुला झाला असं मी म्हणणार नाही. मोठी गिऱ्हाइकं मागू लागली असतील.

बोट दाखवणं मला पटलेलं नाही. मी चाळीसेक वर्षं वर्गात काढली. छडी माझ्याही हातात होती, नाही म्हणत नाही. पण कडकपणा आणि कडूपणा यांत फरक आहे. कर्नलच्या जगात अनेक वर्षं कडूपणालाच गुणवत्ता समजत. चांगल्या चांगल्या माणसांना चारचौघांत ‘मूर्ख’ ठरवणारी पत्रं आजही वाचायला मिळतात, कारण तिथलं काहीच पुसलं जात नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्सनं स्वतः माफी मागितली, काही आठवडे कामापासून दूर राहिला, आणि वागणुकीची लेखी संहिता आली. त्यानंतर ठिगळांचा दर्जा घसरला का? मला कुठे दिसत नाही. माझ्या विद्यार्थ्याला ज्यानं ‘का ते लिही’ म्हटलं, त्यानं एकही वाकडा शब्द वापरला नाही आणि एकही चूक सोडली नाही. असा मास्तर हवा.

आमच्या लेकरांची अडचण मात्र वेगळीच आहे, आणि ती कुठल्या संहितेत लिहिलेली नाही. इंग्रजी. सात ओळी लिहायला त्या पोराला एक तास लागला, आणि त्या सात ओळी ‘का’ हव्यात हे तीन वाक्यांत लिहायला दोन संध्याकाळी. ग्रामीण भागातल्या किती हुशार पोरांनी या तीन वाक्यांच्या धाकानं ठिगळ खिशातच ठेवलं असेल! इथे दोष राखणदारांचा नाही, आम्हा शिक्षकांचा धंदा आहे हा. मराठीतसुद्धा आम्ही ‘का’ लिहायला शिकवत नाही, ‘थोडक्यात उत्तरे द्या’ शिकवतो. कारण सांगता येणं ही भाषेची गोष्ट आहे, इंग्रजी नंतर येते.

कडक तपासणीच्या बाजूनं आणखी एक साक्ष काढतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचं प्रकरण गाजलं. तिथल्या संशोधकांनी राखणदार किती सावध आहेत हे बघण्यासाठी मुद्दाम खोटी, सदोष ठिगळं पाठवल्याचं उघड झालं. ग्रेग क्रोआ-हार्टमन या ज्येष्ठ राखणदारानं सगळ्या विद्यापीठाचंच पाठवणं बंद केलं आणि त्यांची जुनी ठिगळंही पुन्हा तपासायला काढली. संशोधकांनी माफी मागितली. काहींना ती शिक्षा जास्त वाटली. मला नाही वाटली. परीक्षकाला न सांगता त्याचीच परीक्षा घ्यायची आणि ती जगभरच्या यंत्रांवर, याला संशोधन कसं म्हणायचं?

पण दुसऱ्या एका प्रकरणानं मी अस्वस्थ झालो. ऑक्टोबर २०२४ मध्ये राखणदारांच्या यादीतून डझनभर रशियन माणसांची नावं काढली गेली. कारण कामातली चूक नव्हती, कायद्यानं आलेले निर्बंध होते. टोरवाल्ड्सनं त्याचं समर्थन केलं. कायदा असेल, मला त्यातलं कळत नाही. पण ज्या गोधडीचा अभिमान असा की इथे फक्त टाका बघतात, हात कुणाचा ते नाही, तिथे हे व्हावं? उद्या आपल्या देशाशी कुणाचं बिनसलं तर? कर्नल मोकळा आहे, त्याची प्रत कुणीही ठेवू शकतो, हे खरं. पण स्वतःची वेगळी गोधडी शिवत बसणं किती महाग पडतं, ते वर लिहिलंच आहे.

महाग म्हणजे किती, त्याचाही एक दाखला आमच्या जिल्ह्याशी जोडलेला आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लिगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांत आरसे जागेवर धरून ठेवायचं काम संगणक सेकंदाला १६,३८४ वेळा करतात, आणि ते संगणक लिनक्सवर चालतात. एवढी वक्तशीर हुकमत साध्या कर्नलमध्ये नव्हती, म्हणून त्यांनी अनेक वर्षं कर्नलला स्वतःची वेगळी ठिगळं लावून घेतली. त्यांच्याकडे त्यासाठी माणसं आहेत, पैसा आहे. ज्या वक्तशीरपणासाठी कारखाने, यंत्रमानव, ध्वनिमुद्रणवाले सगळेच आसुसले होते, त्याची ठिगळं २००४ च्या सुमारापासून बाहेर तयार होती. थोडी थोडी आत जात शेवटचा तुकडा सप्टेंबर २०२४ मध्ये मुख्य कर्नलमध्ये गेला. वीस वर्षं! थॉमस ग्लाइक्सनर यांनी त्या विनंतीचा कागद सोनेरी वेष्टनात गुंडाळून टोरवाल्ड्सच्या हातात दिला म्हणतात. वीस वर्षं कुणी चिडून सोडून गेलं नाही, आणि कुणी ‘चला, म्हातारे झाले बिचारे, घेऊन टाका’ असंही म्हटलं नाही. आमच्याकडे वीस वर्षं रखडलेला पाटाचा एखादा फाटा मंजूर होतो तेव्हा हे दोन्ही झालेलं असतं.

असो. मूळ मुद्द्यावर येतो, म्हणजे शाळेवर.

इथल्या एका शाळेत (नाव नको) संगणक खोली आहे. वेळोवेळी देणग्यांतून यंत्रं आली. मला तिथे अधूनमधून बोलावतात, शुद्धलेखनाच्या स्पर्धेला वगैरे. खोलीत एक स्कॅनर आणि एक प्रिंटर आहे, दोन्ही धडधाकट, दोन्ही कापडाखाली झाकलेले. कारण काय, तर नव्या विंडोजसाठी त्यांचा ड्रायव्हर कंपनीनं काढलाच नाही. मोटर फिरते, दिवा लागतो, शाई मिळते, फक्त दुभाष्या मेला. माझा तोच विद्यार्थी गेल्या दिवाळीत तिथे पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन गेला. स्कॅनर पाच मिनिटांत चालला, कारण कुणा परक्या माणसानं कधीतरी त्याचा दुभाष्या लिहून मोकळ्या झोळीत टाकला होता. (स्कॅनरचा दुभाष्या कर्नलच्या बाहेर राहतो, पण झोळी मोकळीच, आणि न्याय तोच.) प्रिंटर मात्र चालला नाही. त्याची बोली कंपनीनं कुणालाच सांगितली नाही.

आता विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला जुनी बरीच यंत्रं चालत नाहीत. म्हणजे येत्या दोन-तीन वर्षांत गावोगावच्या शाळांत कापडं वाढणार, आणि नव्या खरेदीचे कागद फिरणार. अशा वेळी केरळचं बघावंसं वाटतं. त्यांनी २००० च्या दशकातच शालेय संगणक शिक्षण मोकळ्या प्रणालीवर नेलं, त्यामुळे शाळांसाठी यंत्र घेताना ते लिनक्सवर चालतं का हा प्रश्न तिथे ओघानंच येतो. आमच्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटीनं घरोघरी संगणक ओळखीचा केला, हे मोठं काम झालं, मी स्वतः त्याच्या जोरावर हा ब्लॉग लिहितोय. पण आम्ही एका कंपनीच्या खिडक्याच ओळखायला शिकलो. भिंतीत आणखी दारं असतात हे कुणी सांगितलं नाही.

कुणी म्हणेल, गुरुजी, शाळेला कर्नलशी काय करायचंय? करायचं काहीच नाही. फक्त खरेदीच्या कागदावर दोन-तीन ओळी वाढवायच्या. पैसे देण्याआधी दुकानदारानं आपल्यासमोर यंत्राला पेनड्राइव्ह लावून कुठलंही साधं, न बदललेलं लिनक्स चालू करून दाखवावं. त्यावर आवाज, माइक, वाय-फाय, कॅमेरा आणि सोबतचा प्रिंटर, सगळं कोणतीही वेगळी सीडी न घालता चाललं पाहिजे. शाळेनं नंतर खुशाल विंडोज वापरावं, माझा आग्रह नाही. पण ज्या यंत्राचे दुभाषे गोधडीत शिवलेले आहेत ते यंत्र दहा वर्षांनीसुद्धा कुणाच्या तरी कामाचं राहील. ज्याचे नाहीत त्याचं आयुष्य कंपनीच्या मर्जीवर. आणि हजार शाळांनी अशी अट घातली, तर कंपन्या आपली माणसं बसवून, चार वेळा परत आलेली ठिगळं पाचव्यांदा पाठवतील. आज ते काम माझा विद्यार्थी रात्री जागून फुकट करतो, आणि त्याच्या सात ओळींवर त्या मॉडेलचे सगळे लॅपटॉप बोलतात. कंपनीनं त्याला साधं आभाराचं कार्डही पाठवलेलं नाही.

मुख्याध्यापकांकडे हा विषय काढला. भला माणूस आहे, ऐकून घेतलं. म्हणाले, “सर, तुमची अट चांगली आहे, पण दुकानदार नांदेडचा, दरपत्रकाचा नमुना इंग्रजीत. तुम्ही त्या ओळी इंग्रजीतच लिहून द्या, सोमवारपर्यंत.” पुण्याला फोन लावला, तर पोरगं म्हणतं, “सर, तुम्ही लिहा, मी तपासून परत पाठवतो.” काल रात्री पहिला खर्डा पाठवला. सकाळी उत्तर आलंय: काय हवंय ते कळतं, का हवंय ते एका ओळीत लिहा.